"पाच जाडे" म्हणणाऱ्यांसाठी: क्वार्टरबॅक पडतो की पाडला जातो?

बायोकाका

परवा टेक्सन्सच्या (आमची ह्यूस्टनची अमेरिकन फुटबॉल टीम) धाग्यावर आकडेमोड यांनी एक पिंक टाकली. तिथेच उत्तर द्यायला बसलो तर प्रतिसाद एवढा वाढला की वेगळा धागा काढतोय. त्यांचं म्हणणं जसंच्या तसं देतो म्हणजे नंतर "मी असं म्हटलंच नव्हतं" नको:

"सॅक हा क्वार्टरबॅकचा आकडा आहे, लाइनचा नाही. पुढे कुठले पाच जाडे उभे केले याने उन्नीस-बीसचा फरक पडतो. बरो ९ सॅक खाऊन प्लेऑफ जिंकला. चांगला असतो तो जिंकतो, बाकीच्यांचे फॅन लाइनच्या नावाने गळे काढतात."

(नवख्यांसाठी: क्वार्टरबॅक म्हणजे बॉल फेकणारा, लाइन म्हणजे त्याला वाचवायला पुढे उभे असलेले पाच जण, आणि फेकायच्या आत त्याला आडवा केला की सॅक. बरो हा सिनसिनाटीचा क्वार्टरबॅक.)

पाच जाडे. बरं.

मी २००१ च्या शेवटी ह्यूस्टनला आलो. ऑयलर्स गाव सोडून गेलेले, शहराला टीम नाही, आणि पुढच्याच वर्षी टेक्सन्स सुरू. ८ सप्टेंबर २००२, पहिलीच मॅच, समोर डॅलस, १९-१० ने जिंकलो. अपार्टमेंटमध्ये आम्ही चार देशी बॅचलर, एकालाही नियम माहीत नाहीत, आणि बाहेर लोक गाड्यांचे हॉर्न वाजवतायत. डेव्हिड कार नावाचा क्वार्टरबॅक पोरगा, ड्राफ्टचा (कॉलेजच्या पोरांतून टीमांनी दरवर्षी पाळीपाळीने करायची निवड) पहिला पिक, देखणा, हात तर असा की बॉल सुटला की शिट्टी ऐकू यावी. वाटलं चला, आपलं नशीब उघडलं.

त्या सीझनला तो पोरगा ७६ वेळा सॅक झाला. १६ मॅचमध्ये. म्हणजे मॅचला पावणेपाच वेळा आडवा. तो रेकॉर्ड आजही तसाच आहे, कुणी मोडू पण नये. लाइन कुठली होती? एक्स्पान्शन ड्राफ्टमध्ये (नव्या टीमने जुन्या टीमांचे खेळाडू उचलायचे) जॅक्सनव्हिलचा टोनी बोसेली घेतला, काय टॅकल (लाइनच्या टोकाचा गडी) होता तो, पण खांदा गेलेला. टेक्सन्ससाठी एक स्नॅप (बॉल मागे देऊन चाल सुरू होते तो क्षण) न खेळता रिटायर झाला. पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला, आमच्या काय कामाचा. बाकी जे मिळाले ते उभे केले.

ऑफिसात एक म्हातारा टेक्सन इंजिनिअर होता, त्याने मला शिकवलं की बॉल बघू नकोस, स्नॅप झाला की पहिले दोन सेकंद त्या पाच जणांकडे बघ, मग पुढचं काय होणार ते आपोआप कळतं. मी तसं बघायला लागलो आणि तिसऱ्या-चौथ्या सीझनला एक गोष्ट दिसली जी कुठल्याच आकड्यात येत नाही. कारची नजर खाली आली होती. आधी पोरगा लांब बघायचा, रिसीव्हर (बॉल झेलणारा) शोधायचा. नंतर नंतर स्नॅप झाला की डोळे सरळ समोरच्या गर्दीवर, येतोय का, कुठून येतोय. कधी कधी कुणीच येत नसायचं, पॉकेट (लाइनने त्याच्याभोवती राखलेली जागा) स्वच्छ, तरी हा पळायचा. २००५ ला परत ६८ सॅक. तुम्ही म्हणणार बघा, त्याचाच दोष. अहो पण तो दोष लावला कुणी त्याला? कुत्रा चावलेला माणूस गल्लीत शिरताना कुत्रं नसलं तरी दचकतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की खराब लाइनचा हिशोब सॅकमध्ये होत नाही, क्वार्टरबॅकच्या नजरेत होतो. आणि एकदा नजर खाली आली की परत वर येत नाही. उन्नीस-बीस म्हणे.

आकडेमोड

काका, माझ्या नावाचा धागा, धन्यवाद, भारावलो.

छान गोष्ट आहे. आता तुमच्याच टीमचा उरलेला अर्धा भाग सांगतो जो तुम्ही सोयीस्कर गाळलात. २००६ ला क्यूबिअक हेड कोच म्हणून आला, कार ४१ वेळा पडला. २००७ ला कार गेला, मॅट शॉब आला. कोच तोच, सिस्टिम तीच, लाइन काही सोन्याची झाली नव्हती. टीमचे सॅक जवळजवळ निम्म्यावर आले. काय बदललं? बॉल हातात धरून उभा राहणारा माणूस बदलला. बास.

आणि जो थॉमस विसरलात वाटतं. क्लीव्हलंडचा लेफ्ट टॅकल, २००७ ते २०१७, लागोपाठ १०,३६३ स्नॅप. एकही न चुकवता. हॉल ऑफ फेम. त्याच्या मागे विसेक क्वार्टरबॅक येऊन गेले, एकही घडला नाही, आणि त्याने अख्ख्या करिअरमध्ये एक प्लेऑफ मॅच खेळली नाही. लाइनने क्वार्टरबॅक घडतो ना? मग?

उलट पेटन मॅनिंग घ्या. पुढे कोणीही उभा करा, तो स्नॅपच्या आधीच सगळं वाचून ठेवायचा आणि अडीच सेकंदाच्या आत बॉल गेलेला. सॅक करणार कुणाला, त्याच्या सावलीला? २०२४ ला वॉशिंग्टनचा जेडन डॅनियल्स, रूकी (पहिलंच वर्ष), ४७ सॅक, टीम १२-५ आणि एनएफसी फायनल (सुपर बोलच्या, म्हणजे महाफायनलच्या, आधीची मॅच). त्याच वर्षी शिकागोचा केलब विल्यम्स, ६८. दोघांच्या लाइन फार चांगल्या नव्हत्या. फरक कुणात होता?

रडणं थांबवा हे मी परत म्हणतो.

पट्टेरी

थांबा थांबा, बरोचं नाव घेतलंत ना, मग मला यावंच लागलं.

"बरो ९ सॅक खाऊन जिंकला" हे वाक्य जो बोलतो त्याने ती मॅच बघितलेली नसते. मी बघितलीये, सोफ्यावर उशी तोंडावर धरून. जानेवारी २०२२, टेनेसी. आम्ही (सिनसिनाटी) १९-१६ जिंकलो कारण त्यांच्या टॅनहिलने तीन इंटरसेप्शन दिले (बॉल आमच्याच हातात फेकला), एक पहिल्याच प्लेला आणि एक शेवटी, आणि मॅकफर्सनने ५२ यार्डांवरून किक मारली. बरो जिंकला म्हणजे काय तो मेला नाही एवढंच. मग तीन आठवड्यांनी सुपर बोल, ७ सॅक, शेवटच्या फोर्थ डाउनला (चौथा, शेवटचा चान्स) समोरचा अ‍ॅरन डोनल्ड त्याच्या गळ्यात आणि पलीकडे आमचा रिसीव्हर जमार चेस मोकळा पळतोय. मोकळा. अर्धा सेकंद हवा होता. २३-२० ने हरलो. तो अर्धा सेकंद कुठल्या आकड्यात मोजता तुम्ही?

आणि त्याच्या आदल्या वर्षी, २०२० ला, रूकी असताना वॉशिंग्टनविरुद्ध त्याचा गुडघा गेला तेव्हा पण पॉकेट त्याच्या पायावरच कोसळलं होतं.

गरुडपुराण

पट्टेरी ताई, मग २०२१ च्या ड्राफ्टला पाचव्या नंबरला चेस घेतला तेव्हा तुम्ही नाचत होतात की नाही? पेने सूएल समोर बसला होता. टॅकल. दोन नंबर पुढे डेट्रॉइटने उचलला आणि आज लीगमधला सगळ्यात भारी लाइनमन आहे. तुमच्याच लोकांनी रिसीव्हर निवडला. आता उशी तोंडावर धरा.

पट्टेरी

हो नाचत होते. आणि परत नाचेन. चेसशिवाय ती सुपर बोल आलीच नसती. पहिल्या वर्षी १४५५ यार्ड. सूएल घेतला असता तर बरो पॉकेटमध्ये मस्त उभा राहिला असता आणि फेकलं असतं कुणाला, वॉटर बॉयला?

आकडेमोड

धन्यवाद ताई. म्हणजे लाइनमन सोडून रिसीव्हर घेतला आणि टीम सुपर बोलला गेली. मी केव्हापासून हेच सांगतोय.

पट्टेरी

तुम्ही ना, घरी बायकोशी पण असंच वाद घालता का हो?

गरुडपुराण

आकडेमोड साहेब, एकच माणूस घ्या म्हणजे वाद मिटेल. मॅहोम्स. कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक. त्याच्या तीन सुपर बोल बघा फक्त.

फेब्रुवारी २०२१, टँपा. दोन्ही टॅकल बाहेर, फिशर आणि श्वार्ट्झ. मॅहोम्स अख्खी मॅच जीव घेऊन मागे मागे पळतोय, जमिनीला समांतर होऊन थ्रो टाकतोय. ३१-९ हरले, एकही टचडाउन नाही. मग कॅन्सस सिटीने काय केलं? रिसीव्हर नाही आणला. एकाच उन्हाळ्यात लाइनमन आणले, जो थूनी, ऑर्लँडो ब्राउन, ड्राफ्टमध्ये क्रीड हम्फ्री, सहाव्या राउंडला ट्रे स्मिथ. दोन वर्षांनी समोर आम्ही (फिलाडेल्फिया), सीझनमध्ये ७० सॅक केलेली आमची डिफेन्स. त्या मॅचला सॅक किती? शून्य. लिहिताना आजही पोटात दुखतं. ३८-३५ ने हरलो. आणि परत दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०२५ ला, थूनीला गार्डवरून (टॅकलच्या आतली जागा) उचलून लेफ्ट टॅकलला उभा केला होता, आम्ही एकदाही ब्लिट्झ (जादा माणसं पाठवणं) केला नाही, चारच माणसं पाठवली, ६ सॅक, ४०-२२ ने आम्ही जिंकलो.

माणूस तोच. कोच तोच. डोकं तेच, हात तोच. बदललं काय ते तुम्ही सांगा.

आणि "जाडे" शब्दावर माझा वेगळा आक्षेप नोंदवून ठेवा. आमचा जॉर्डन मायलाटा ६ फूट ८ इंच, ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळायचा, आयुष्यात फुटबॉल खेळला नव्हता, २०१८ ला सातव्या राउंडला घेतला. स्टाउटलँड मास्तरांनी पाय कुठे ठेवायचा इथपासून शिकवलं. त्या माणसाच्या पायांकडे बघा, कथक शिकलाय वाटेल.

आकडेमोड

मॅहोम्सचा पॉइंट घेतो. पहिला चांगला पॉइंट या धाग्यावर. पण अर्धाच घेतो, कारण मधल्या वर्षी टॅकल म्हणून जवान टेलर होता, दर मॅचला पिवळा रुमाल (फाउलचा) पडायचा, तरी जिंकलेच.

पुण्यातून_पहाटे

नमस्कार मंडळी, मी दर वर्षी सोमवारी पहाटे ५ ला उठून सुपर बोल बघणारा एकमेव कोथरूडकर (बायकोच्या मते). मला हे सगळं पुजारासारखं वाटतं. गॅबा २०२१, पंतचे ८९ सगळ्यांना आठवतात, पुजाराने २११ बॉल खेळून अंगावर किती घेतले ते कोण मोजतं. तो उभा होता म्हणून बॉल जुना झाला, म्हणून पंत खेळला. लाइन म्हणजे पुजारा.

आकडेमोड

क्रिकेट आलं. मला वाटलंच होतं पंचविसाव्या प्रतिसादापर्यंत येईल, लवकर आलं.

डाव्या_गार्डची_आई

मी इथे वाचते फक्त, लिहीत नाही फारसं. पण "पाच जाडे" वाचलं आणि राहवलं नाही कारण त्यातला एक आत्ता माझ्या घरात झोपलाय आणि त्याला सकाळी उठवणं म्हणजे फ्रिज सरकवण्यासारखं आहे.

आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. मुलगा अकरावीत, शाळेच्या व्हर्सिटी टीममध्ये लेफ्ट गार्ड. नववीपर्यंत मार्चिंग बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचा, कोचने हॉलवेमध्ये बघितला आणि चौकशी केली हा कुणाचा. आमच्या दोन्ही घरांत पाच-आठच्या वर कुणी नाही. सासूबाई सांगलीहून दर उन्हाळ्यात येतात, आधी "खात नाही, खात नाही" म्हणून मागे लागायच्या, आता तांदळाचा डबा लपवतात.

मला पण आधी क्वार्टरबॅकच दिसायचा. मग पोटचा पोरगा खाली असल्यावर बघणं बदलतं. गेल्या वर्षी सहाव्या मॅचला आमच्या सेंटरचा घोटा मोडला. तोपर्यंत आमचा क्वार्टरबॅक म्हणजे गावचा हिरो, किराणा दुकानात लोक फोटो काढायचे त्याच्याबरोबर. सेंटर गेला, जागी दहावीतला मुलगा आला, आणि पुढच्या तीन मॅचमध्ये तोच हिरो असा खेळला की त्याला ओळखू येईना. तेव्हा मला कळलं सेंटर फक्त बॉल मागे देत नाही, स्नॅपच्या आधी तोच ओरडून सांगतो कोण येणार आहे आणि लाइनने कुठल्या बाजूला सरकायचं. ते सांगणारं कोणी उरलं नाही, मग पाच जण पाच दिशांना. एकदा माझा उजवीकडे वळला आणि त्याच्या डाव्या खांद्याला घासून एक मोकळा गेला, क्वार्टरबॅकला पाठीतून आडवा केला. स्टँडमध्ये क्वार्टरबॅकचे बाबा माझ्याकडे न बघता पण मला ऐकू जाईल असं म्हणाले, कुणीतरी कुणालातरी अडवा रे. त्या रात्री पोरगा जेवला नाही. जन्मात पहिल्यांदा.

दोन वर्षांत स्पीकरवर त्याचा नंबर दोनदा ऐकलाय, दोन्ही वेळा होल्डिंग (समोरच्याला धरल्याचा फाउल).

अवांतर: इथल्या स्टेडियमांवर एक वेगळा धागा काढा कुणीतरी. अ‍ॅलनला शाळेने ६० मिलियन डॉलरचं, १८ हजार सीटचं बांधलं २०१२ ला, आणि दोन वर्षांत काँक्रीटला भेगा म्हणून बंद. मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

हाडवैद्य

ताई, कौतुक पोचलं. पण एक विचारतो, राग मानू नका, मानलात तरी चालेल. इथे सगळे मॅहोम्स आणि बरोच्या गुडघ्यावर चर्चा करतायत आणि तुम्ही १६ वर्षांच्या मुलाला त्या खाणीत पाठवताय. एनएफएलचा (इथली व्यावसायिक लीग) पहिला खेळाडू ज्याच्या मेंदूत सीटीई (वारंवार फटक्यांनी होणारा मेंदूचा आजार) सापडला तो कोण होता? माइक वेब्स्टर. पिट्सबर्गचा सेंटर. २००२ ला गेला, डॉक्टर ओमालूंनी मेंदू तपासला. क्वार्टरबॅक नव्हता तो, लाइनमन. कारण क्वार्टरबॅकला मोठा फटका बसतो तो टीव्हीवर दहा वेळा दाखवतात, लाइनमनला प्रत्येक स्नॅपला छोटा बसतो, तो कुणी दाखवत नाही. सरावात पण. रोज. २०१७ ला बॉस्टनच्या लोकांनी १११ माजी एनएफएल खेळाडूंचे मेंदू तपासले, ११० मध्ये सापडला.

माझ्याकडे पेशंट येतात त्यातले आपले मराठी पालक बघून मला चीड येते. मुलाला अमेरिकन करायचंय म्हणून वाट्टेल ते. ट्रॉम्बोन काय वाईट होता?

डाव्या_गार्डची_आई

राग मानला.

तुम्हाला काय वाटतं मी हे वाचलं नाहीये? १११ मेंदू कुणी दिले होते? ज्यांच्या घरच्यांना आधीच काहीतरी बिनसलंय असं वाटत होतं त्यांनी. त्यामुळे १११ पैकी ११० म्हणजे सगळ्यांपैकी ९९ टक्के होत नाही, आकडेमोड यांना विचारा. आणि तो एनएफएलचा अभ्यास आहे. मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाचते हे. आठवड्याला फटक्याचे सराव किती, कोच कसा, ट्रेनर शाळेत हजर असतो का, सगळं विचारून मग सही केलीये. तरी प्रत्येक शुक्रवारी माझा जीव मुठीत असतो, त्याचं सर्टिफिकेट तुमच्याकडून नकोय.

"अमेरिकन करायचंय"? नववीत या मुलाला डब्यातल्या पोळीभाजीवरून चिडवायचे, एकटा बसायचा. आता गुरुवारी रात्री पाच लाइनमन आमच्याकडे जेवायला असतात. गेल्या आठवड्यात ४२ पुरणपोळ्या गेल्या. सासूबाई त्यांना "माझे पाच पांडव" म्हणतात, भीम कोण यावर त्यांच्यात भांडणं. तुम्ही हे एक्स-रेमध्ये बघणार का?

पट्टेरी

ताई +१०००. पाच पांडव हे धाग्याचं शीर्षक करा.

गरुडपुराण

हाडवैद्य, आपल्या लोकांचा प्रॉब्लेम उलटा आहे. आमच्याकडे जर्सीत मंडळाच्या पार्टीला शंभर मुलं, ९९ कुमॉन आणि स्पेलिंग बी. एकाने फुटबॉल म्हटलं की सगळ्या आया त्याच्या आईकडे अशा बघतात जशी काही तिने पोराला लेथवर लावलाय. आणि हेच लोक सुपर बोलला येतात, वडापाव खातात, "हे कधी संपतं" विचारतात आणि हाफटाइमला घरी जातात. माझ्या स्वतःच्या बापाने मला आठवीत खेळू दिलं नाही, हाडं मोडतील म्हणून. मग मी सायकलवरून पडून मोडली.

हाडवैद्य

मी धोका सांगतोय, तुम्ही भावना सांगताय. नेहमीचंच. तुमची सायकल आणि दहा वर्षांत हजारो वेळा डोक्यावर आदळणं हे एक आहे का?

डाव्या_गार्डची_आई

तुमची मुलं काय खेळतात, वैद्यबुवा?

हाडवैद्य

त्याचा इथे संबंध नाही.

डाव्या_गार्डची_आई

आहे.

हाडवैद्य

बेसबॉल. पिचर आहे.

पट्टेरी

कोपर कसं आहे त्याचं?

हाडवैद्य

(तब्बल तासाभराने) ऑपरेशन झालं गेल्या वर्षी. लिगामेंट. १६ व्या वर्षी. हो, मीच त्याला वर्षभर खेळवत होतो, तीन लीगमध्ये. घ्या, मिळालं समाधान? पण कोपर बदलता येतं, डोकं नाही, हा मुद्दा तरीही उरतोच.

डाव्या_गार्डची_आई

उरतो. मी कुठे नाही म्हटलं. तुमच्या मुलाला लवकर बरं वाटो, खरंच.

पुण्यातून_पहाटे

मी फक्त पुजारा म्हटलं होतं हो.

बायोकाका

अरे माझा धागा! दोन दिवस पाहुण्यांच्या मागे होतो, आलो तर इथे पुरणपोळ्या आणि लिगामेंट.

असो. आकडेमोड, तुम्ही २००७ चं जे लिहिलंत त्यावर मी विचार केला. दोन रात्री केला, झोप कमी येते आताशा. मान्य. शॉब आला आणि सॅक कमी झाले हे मी तेव्हाही बघितलं होतं आणि सोयीस्कर विसरलो. पण तेच तर मी म्हणतोय ना. शॉब अटलांटामध्ये बेंचवर बसून, न ठेचला जाता, ताज्या नजरेने आला. कार पाच वर्षं मार खाऊन गेला होता. २००७ ला कॅरोलायनात गेला, तिथेही तसाच. शेवटी न्यूयॉर्कला ईलाय मॅनिंगच्या मागे बॅकअप म्हणून सुपर बोलची अंगठी मिळाली त्याला, एवढंच बरं झालं. कारला २००२ ला एखाद्या धड लाइनमागे ठेवला असता तर? तुमच्याकडे त्याचा आकडा नाही, माझ्याकडे पण नाही. पण मी त्याचे डोळे बघितलेत.

बरं, डोळे म्हणजे काय ते हवं असेल तर सॅम डार्नल्ड घ्या. जेट्स, २०१९, मंडे नाइट, न्यू इंग्लंडने ३३-० धुतलं, आणि माइक लावलेला असताना बेंचवर बसून पोरगा म्हणाला मला भुतं दिसतायत. लोक हसले. मी नाही हसलो, मी ती भुतं कारच्या वेळेपासून ओळखतो. मग २०२४ ला मिनेसोटात तोच डार्नल्ड, चांगला कोच, चांगले रिसीव्हर, १४-३. सगळे म्हणाले बघा भुतं गेली. प्लेऑफला रॅम्सनी ९ सॅक केले आणि परत तेच डोळे. २७-९.

आकडेमोड

काका तुम्हीच तुमचा मुद्दा मोडलात. "एकदा नजर खाली आली की परत वर येत नाही" म्हणालात. डार्नल्डची १७ मॅच वर होती.

बायोकाका

आणि अठराव्याला?

आकडेमोड

त्या अठराव्यात किती सॅक बॉल धरून ठेवल्यामुळे आले ते मी प्ले बाय प्ले बघितलंय. किमान चार वेळा चेकडाउन (जवळचा सोपा रिसीव्हर) मोकळा होता.

बायोकाका

मोकळा होता, दिसला नाही. का दिसला नाही?

आकडेमोड

हे म्हणजे कोंबडी आधी की अंडं.

पट्टेरी

अँड्र्यू लक कुणीच काढला नाही अजून, आश्चर्य आहे. २०१२ चा पहिला पिक, मॅनिंगनंतरचा सगळ्यात हुशार म्हणत होते. पहिली काही वर्षं इंडियानापोलिसने त्याच्यापुढे काहीही उभं केलं, खांदा गेला, बरगड्या गेल्या, २०१५ ला किडनी फाटली. मग २०१८ ला शहाणपण आलं, क्वेंटन नेल्सनला सहाव्या नंबरला घेतला, एक गार्ड, लोक हसले. त्या सीझनला लक फक्त १८ वेळा पडला, ३९ टचडाउन. आणि पुढच्या ऑगस्टला, २९ व्या वर्षी, रिटायर. त्यांच्याच स्टेडियममध्ये त्यांच्याच लोकांनी हुर्यो केली. आकडेमोड, हा माणूस तुमच्या कुठल्या कॉलममध्ये बसतो? लाइन मिळाली तेव्हा शरीर संपलं होतं.

मला भीती वाटते ती हीच. आमचा बरो २०२४ ला ४३ टचडाउन मारून टीम ९-८.

आकडेमोड

लकवर माझ्याकडे उत्तर नाही. लिहून घ्या, तारीख घाला, फ्रेम करा.

पण माझं मूळ म्हणणं कुणी वाचलंच नाही. लाइन फालतू गोष्ट आहे असं नाही. फॅन लोक क्वार्टरबॅक आवडता असला की लाइनला शिव्या देतात, नावडता असला की त्याला, यावर माझा राग आहे. २०१६ ला डॅक प्रेस्कॉट चौथ्या राउंडचा रूकी १३-३ गेला तेव्हा "लाइनमुळे". पुढच्या वर्षी टायरन स्मिथ बाहेर असताना अटलांटात एकट्या क्लेबॉर्नने ६ सॅक केले तेव्हा "डॅक बोगस". अरे ठरवा एकदा.

बायोकाका

हे आधी असं लिहिलं असतंत तर मी धागाच काढला नसता. "पाच जाडे" लिहायची काय गरज होती?

आकडेमोड

"पाच जाडे" मागे घेतो. "पाच पांडव" लिहितो, खूश? आणि केलबचं काय ते २०२५ च्या सीझनला कळेलच, शिकागोने थूनी, जोना जॅक्सन, ड्रू डालमन असे तीन तीन आणलेत मधल्या फळीत. ६८ चे ४० झाले तर मी इथे येऊन जाहीर माफी मागेन.

गरुडपुराण

४० झाले तर केलब शिकला म्हणाल, मला माहितीये तुम्हाला.

आकडेमोड

अर्थात.

बायोकाका

आणि आमच्या क्वार्टरबॅक स्ट्राउडचं कुणी बोलू नका. २०२४ ला ५२ सॅक. त्यावर उपाय म्हणून आमच्या लोकांनी टन्सिलला, आमच्या एकमेव धड टॅकलला, वॉशिंग्टनला विकला. जेडन डॅनियल्सपुढे उभं राहायला. २३ वर्षं झाली, या गावाने काहीही शिकलेलं नाही. मला परवा प्रीसीझनमध्ये स्ट्राउडची नजर एकदा खाली गेल्यासारखी वाटली. बायको म्हणाली चष्म्याचा नंबर वाढलाय.

डाव्या_गार्डची_आई

शुक्रवारचं कळवते, पहिली मॅच झाली. २८-१७ जिंकलो. आमचा क्वार्टरबॅक दोनदा पडला. सेंटरचा घोटा ठीक आहे. गाडीत मी मुलाला तुमच्या धाग्यावरचाच प्रश्न विचारला, की ते दोन सॅक कुणाचे. बराच वेळ काही बोलला नाही, बर्गर खात होता. मग म्हणाला पहिला माझा. दुसरा त्याचा, मी माझा माणूस चार सेकंद धरून ठेवला होता, तो उभाच. मग म्हणाला पण हे बाहेर कुणाला सांगू नकोस, त्याला कळलं तर वाईट वाटेल.

म्हणून तुम्हीही कुणाला सांगू नका.

आकडेमोड

म्हणजे एक-एक. माझा एक मला द्या काका.

बायोकाका

देणार नाही.